‘बंदी उठवा’ म्हणायच्या आधीचा गृहपाठ

पुण्यात अंमली पदार्थांच्या कायद्यात बदल मागणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. कायद्याचे विद्यार्थी, व्यसनमुक्तीच्या कामातली माणसं, वस्तीतले कार्यकर्ते, कुणीही. सोसायटीच्या बैठकीत बोला नाहीतर खासदारांच्या कार्यालयात, अडचण एकच येते. विषय निघाला की समोरचा पहिल्या मिनिटाला कान मिटून घेतो, आणि बऱ्याचदा त्याला ते निमित्त आपणच दिलेलं असतं. ‘सगळे ड्रग्ज कायदेशीर करा’ एवढंच वाक्य कानावर पडलं की त्याच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यावरच्या पानटपरीत गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या पुड्या लटकायला लागतात.

म्हणून पहिलं काम: एकच मागणी न करता पदार्थागणिक वेगळी मागणी लिहून काढा. आपलं मूळ म्हणणं सोपं आहे. बंदी असली की माल कुठला, किती तीव्रतेचा, कुणी विकला, किती वयाच्या पोराला विकला, यातलं काहीही सरकारच्या हातात उरत नाही. हे सगळं पेडलर ठरवतो. आपल्याला ते परवान्याच्या, डॉक्टरच्या आणि प्रयोगशाळेच्या हातात द्यायचंय. ही मांडणी कागदावर चार पायऱ्यांत उतरवा.

पहिली पायरी, वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं थांबवा. दुसरी, गांजाची परवान्यावर विक्री. तिसरी, गर्दच्या व्यसनात अडकलेल्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली पर्यायी औषध, आणि ज्यांना त्याचा उपयोग होत नाही त्यांना खुद्द औषधी दर्जाचं हेरॉइन. स्वित्झर्लंडमध्ये हे १९९४ पासून चालू आहे आणि २००८ च्या सार्वमतात तिथल्या मतदारांनी ते कायम केलं. चौथी पायरी एमडी (मेफेड्रोन) आणि तशा रासायनिक उत्तेजकांची. इथे दुकानाची मागणी करू नका. दाखवता येईल असा नमुना जगात कुणाकडे नाही. वापरणाऱ्याला शिक्षा नको, मालाची तपासणी हवी, एवढ्यावर थांबा. ज्याला चारही पायऱ्या मान्य नाहीत तो पहिल्या पायरीला तरी हो म्हणतो, आणि पुण्यातली बहुतेक माणसं तिथवर येतात.

कायद्यातले आकडे तोंडपाठ हवेत

कायदा १९८५ चा, नार्कोटिक ड्रग्ज अँड सायकोट्रॉपिक सब्स्टन्सेस अ‍ॅक्ट. सगळे एनडीपीएस म्हणतात. शिक्षा ठरते ती वजनावर: अल्प मात्रा, व्यापारी मात्रा आणि दोन्हींच्या मधली. हे तक्त्यात लिहून जवळ ठेवा:

गांजा: अल्प १ किलोहून कमी, व्यापारी २० किलोंहून जास्त
चरस: १०० ग्रॅम, १ किलो
हेरॉइन (गर्द, ब्राउन शुगर): ५ ग्रॅम, २५० ग्रॅम
कोकेन: २ ग्रॅम, १०० ग्रॅम
एमडी (मेफेड्रोन): २ ग्रॅम, ५० ग्रॅम
एमडीएमए: अर्धा ग्रॅम, १० ग्रॅम

अल्प मात्रेला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत. व्यापारी मात्रेला किमान १० आणि कमाल २० वर्षं, शिवाय किमान १ लाख दंड. नुसत्या सेवनाचं कलम २७ वेगळं: हेरॉइन, मॉर्फिन, कोकेनला १ वर्षापर्यंत, बाकीच्यांना ६ महिन्यांपर्यंत.

एमडी आणि एमडीएमए यांची गल्लत वर्तमानपत्रंही करतात. तुम्ही करू नका. सभेत एखादा निवृत्त पोलीस अधिकारी बसलेला असतो, आणि तो नेमका तिथेच पकडतो.

वजनाचा घोळ मात्र सावकाश, फळ्यावर लिहून समजावा, कारण ऐकणाऱ्याला हलवणारी गोष्ट हीच आहे. समजा एकाकडे ३०० ग्रॅम पावडर सापडली. प्रयोगशाळेच्या अहवालात, म्हणजे पोलिसांच्या बोलीत ‘सीए रिपोर्ट’मध्ये, त्यात हेरॉइन ५ टक्के. म्हणजे खरा माल १५ ग्रॅम, बाकी भेसळ. २००८ च्या एका निकालानुसार शुद्ध मालच मोजायचा होता, तेव्हा हा माणूस मधल्या गटात पडला असता. पण २०२० साली हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं. आता तो ३०० ग्रॅमचा, म्हणजे व्यापारी मात्रेचा आरोपी. किमान १० वर्षं. शिवाय कलम ३७ लागतं, म्हणजे आरोपी निर्दोष असल्याचं सकृद्दर्शनी न्यायाधीशाला वाटल्याशिवाय जामीन नाही. आरोपपत्रालाही नेहमीच्या मुदतीऐवजी १८० दिवस मिळतात. उलट १५ ग्रॅम शुद्ध माल बाळगणारा, म्हणजे मुख्य साखळीच्या जास्त जवळचा माणूस, मधल्या गटातच राहतो. जितकी भेसळ जास्त तितकी शिक्षा जास्त, आणि भेसळ सर्वांत जास्त असते ती साखळीच्या शेवटच्या टोकाला, वापरणाऱ्याच्या हाताशी.

गांजाच्या बाबतीत दुसरा घोळ. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया धरत नाहीत. भांग कायद्याच्या कचाट्यातून सुटते ती याच फटीतून. पण पंचनाम्यात पुष्कळदा पानं, काड्या, ओलावा यांसकट एकच वजन लिहिलं जातं. कोर्टातल्या प्रकरणांचा अभ्यास करणार असाल तर पंचनाम्यातलं वर्णन आणि सीए रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा.

पुण्याचे आकडे कसे काढायचे

देशाचे आकडे सांगितले की लोक जांभया देतात. आपल्या शहराचे हवेत. त्यासाठी माहितीचा अधिकार.

अर्ज तीन करावे लागतात, कारण पोलीस तीन आहेत: पुणे शहर आयुक्तालय, पिंपरी-चिंचवड आयुक्तालय (२०१८ पासून वेगळं) आणि पुणे ग्रामीणचे अधीक्षक. एकच अर्ज शहराला दिलात तर हिंजवडीही सुटते आणि दौंडही. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या पोर्टलवर ऑनलाइन भरा. मागायचं हे: गेल्या तीन कॅलेंडर वर्षांत एनडीपीएसखाली नोंदलेले गुन्हे, कलमनिहाय, त्यातले फक्त कलम २७ चे किती, अटक किती, आणि कलम ६४अ चा लाभ किती जणांना दिला.

हे शेवटचं मुद्दाम विचारा. ६४अ म्हणजे सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर त्याच्यावर खटला नाही. कायद्याच्या पुस्तकात आहे. वापरतं कोण? शून्य असं उत्तर आलं तर तेच तुमच्या भाषणाचं पहिलं वाक्य.

अर्ज कुठे फसतो, तर ‘माहिती मागितलेल्या स्वरूपात संकलित नाही’ या उत्तरावर. म्हणून नवीन तक्ता बनवून मागू नका. ‘आपल्या कार्यालयातून वरिष्ठांना जाणाऱ्या मासिक अहवालाच्या प्रती’ मागा, आणि खाली एक ओळ टाका की प्रती देणं शक्य नसेल तर अभिलेख पाहू द्यावेत. आरोपींची नावं मागू नका; मिळणार नाहीत आणि आपल्याला लागतही नाहीत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातले खटले ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर अधिनियमानुसार शोधता येतात. दाखल झाल्याची तारीख आणि निकालाची तारीख एवढे दोन रकाने वहीत उतरवले तरी किती वर्षं लागतात ते दिसतं. हे काम कंटाळवाणं आहे. दोघांनी वाटून घ्या.

देशाच्या आकड्यांपैकी एकच सर्वेक्षण जवळ ठेवा: सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं. १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख, अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख. या शेवटच्या गटातल्या ७७ लाख लोकांना मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलंय. तीसहून जास्त वर्षांच्या बंदीनंतरचे हे आकडे आहेत.

जवळची उदाहरणं आधी

पोर्तुगाल नंतर. आधी कुरकुंभ. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात एमडी पकडलं. धागे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आणि दिल्लीपर्यंत गेले आणि एकूण जप्ती १,७०० किलोंच्या पुढे. ही कारवाई पोलिसांचं यश म्हणूनच सांगा, कारण ती होतीच. मग विचारा: एवढा माल तयार होईपर्यंत बाजार कोण सांभाळत होतं? गांजाला शेत लागतं, पाऊस लागतो, वास येतो, पोती लागतात. एमडीला लागतात ती रसायनं, एक रिअ‍ॅक्टर आणि एमआयडीसीतलं शेड. बंदी जितकी कडक, तितका लहान जागेत मावणारा आणि तीव्र माल धंद्याला परवडतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत बिअर मागे पडली आणि कडक दारू वाढली, त्याचं कारणही हेच. मेफेड्रोन २०१५ पर्यंत आपल्या यादीतही नव्हतं. यादीत आलं, आणि नऊ वर्षांनी टनांत सापडलं.

दुसरं चंद्रपूर. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. कारणं सांगितली ती अवैध आणि बनावट दारू, गुन्हेगारीत ओढली गेलेली बायका-मुलं. पण इथे अर्धीच गोष्ट सांगू नका. डॉ. अभय बंग यांनी त्या निर्णयाला जाहीर विरोध केला, आणि उपलब्धता वाढली की पिणं वाढतं हा त्यांच्या बाजूचा मुद्दा हवेतला नाही. तो मान्य करा. बंदी उठली की वापर वाढू शकतो. आपला दावा इतकाच आहे की विषबाधा, तुरुंग, हप्ते आणि लपवाछपवी कमी होईल. हे कबूल करून पुढे बोललात तर ऐकणारे टिकतात. ‘वापर उलट कमीच होतो’ असं छातीठोक सांगितलंत तर पहिलाच डॉक्टर तुम्हाला आडवा करतो.

मग परदेश, थोडक्यात पण अचूक. पोर्तुगालने काहीही ‘कायदेशीर’ केलेलं नाही. १ जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या वापराइतका माल (गांजा २५ ग्रॅम, हेरॉइन १ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम) बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. माणूस कोर्टाऐवजी तीन जणांच्या आयोगापुढे जातो. विक्री आजही गुन्हाच. कायदेशीर विक्री हवी असेल तर उरुग्वे (२०१३ चा कायदा, औषध दुकानांतून विक्री २०१७ पासून, महिन्याला ४० ग्रॅमची मर्यादा) आणि कॅनडा (१७ ऑक्टोबर २०१८) ही उदाहरणं घ्या. जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये मधला रस्ता काढला: सार्वजनिक जागी २५ ग्रॅम, घरी तीन झाडं, आणि सभासदांसाठीच पिकवणारे क्लब, दुकान नाही.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा अनुभव लपवू नका. फेब्रुवारी २०२१ पासून तिथे थोडा माल बाळगला तर १०० डॉलरची पावती, आणि हेल्पलाइनला फोन केला की तीही माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उपचारांचा पैसा केंद्रांपर्यंत पोचायला उशीर झाला, त्याच काळात फेंटानिल हे अतितीव्र अफूजन्य द्रव्य बाजारात शिरलं, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. यातून घ्यायचं ते हे की शिक्षा काढायच्या आधी उपचाराची खाट तयार पाहिजे. त्यामुळे पहिल्या पायरीच्या मागणीला नेहमी दुसरी ओळ जोडा: जिल्ह्यात किती खाटा, किती ओएसटी (पर्यायी औषध देणारी) केंद्रं, कधीपर्यंत.

गांजाच्या दुकानाचा आराखडा

‘विकायचं कसं?’ याला उत्तर नसेल तर दुसऱ्या पायरीवर जाऊच नका. उत्तर तयार असायला हवं, आणि ते जितकं नीरस तितकं चांगलं. वय २५, महाराष्ट्रात कडक दारूला हेच वय आहे. परवाना उत्पादन शुल्क विभागाचा. जाहिरात नाही, फलकावर नाव सोडून चित्र नाही. पाकिटावर टीएचसीचं (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं) प्रमाण, बॅच क्रमांक, तपासणीची तारीख. तपासणी बुरशी, कीटकनाशक आणि जड धातूंची. दुकानात सेवन नाही. शाळा-कॉलेजपासूनचं अंतर दारूच्या दुकानाच्या नियमाहून कमी नको. गोळ्या-चॉकलेटं पहिली काही वर्षं मुळीच नकोत, कारण लहान मुलं चुकून खातात आणि मोठी माणसं तासभर काही होत नाही म्हणून दुसरी खातात.

खरी मेख करात आहे. कर जास्त लावला की काळा बाजार राहतो. कॅनडात ग्रॅममागे किमान १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के यांपैकी जे जास्त ते, असा उत्पादन शुल्काचा हिशोब ठेवला. पुढे मालाचा भाव उतरला, पण डॉलर तसाच राहिला आणि परवानाधारक उत्पादकांचं कंबरडं मोडलं. आपल्याकडचं उदाहरण दारूचंच आहे: दारू कायदेशीर असूनही २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. परवान्याची दारू मजुराच्या खिशाला परवडत नसेल तर हातभट्टी चालणारच. म्हणून आराखड्यात लिहा की सुरुवातीची दोन-तीन वर्षं दुकानातली किंमत रस्त्यावरच्या भावाच्या आसपास, कर वजनावर नाही तर टीएचसीच्या प्रमाणावर, आणि दरवर्षी फेरआढावा. महसुलाचे मोठमोठे आकडे सांगून मंत्र्यांना भुलवायचा मोह होतो. नका सांगू. महसूल हेच उद्दिष्ट ठरलं की खप वाढवणं हेही उद्दिष्ट ठरतं, आणि मग आपल्यात आणि बारमालकांच्या संघटनेत फरक उरत नाही.

सभेत काय होतं

बंदिस्त सभागृह घ्या. नवी पेठेतलं पत्रकार भवन किंवा एस. एम. जोशी सभागृह अशा कामाला सोयीचं. बोलणं वीस मिनिटांत संपवा. कायदा बदलावा असं म्हणणं गुन्हा नाही, पण माल कुठे मिळतो, कसा घ्यायचा, असलं काहीही व्यासपीठावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊ देऊ नका. गुन्ह्याला मदत केल्याचं कलम २९ आहे. हिरव्या पानाचं चित्र छापलेले टी-शर्ट घरी ठेवा. प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, नाहीतर तिसऱ्या रांगेतले काका उभे राहून स्वतःचंच व्याख्यान देतात. हे पुणं आहे.

शंकराला गांजा चालतो, साधू ओढतात, हा युक्तिवाद टाळा. त्याने टाळ्या पडतात, मत बदलत नाही. इतिहासच सांगायचा तर १८९३-९४ चा हेम्प ड्रग्ज आयोग सांगा: ब्रिटिश सरकारने नेमलेला, १,१९३ साक्षी नोंदवलेला, आणि निष्कर्ष काय तर बंदी नको, परवाने आणि कर लावा. ‘गांजाने कॅन्सर बरा होतो’ असं कुणी आपल्याच बाजूने म्हणालं तर तिथल्या तिथे खोडून काढा. कोवळ्या वयात गांजा वाईटच. मानसिक आजाराचा धोका वाढतो, आणि घेणाऱ्यांपैकी साधारण दहांतल्या एकाला सवय जडते. वयाची अट आणि टीएचसीची नोंद हवी ती यासाठीच.

घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदावर प्रश्न हमखास येतो, कारण त्यात मादक पेयं आणि अपायकारक अंमली पदार्थांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा असं म्हटलंय. उत्तर: ते मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयातून अंमलात आणता येत नाही, आणि त्याच अनुच्छेदात दारूही आहे, जी राज्य परवान्यावर विकू देतं. ‘आंतरराष्ट्रीय करार आड येतात’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. १९६१ च्या करारात भारत आहे. पण डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं तेव्हा भारताने बाजूने मत दिलं होतं. आणि कॅनडा व उरुग्वे त्याच करारात राहून पुढे गेले.

व्यसनात मुलगा गमावलेली आई सभेत उभी राहिली, तर तिला उत्तर द्यायचं नाही. आकडे तर नाहीच नाही. ऐकून घ्या, सूत्रसंचालकाने पाण्याचा ग्लास पुढे करावा आणि पुढचा प्रश्न थोडा थांबून घ्यावा. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ छापा. सभेला येणाऱ्यांतले काही जण कायद्यासाठी आलेलेच नसतात.

निवेदन कुणाला

इथे बहुतेकांचा पत्ता चुकतो. एनडीपीएस कायदा केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नाही, अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहे. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो तेवढा गृहखात्याखाली. कलम २७ बदला, अल्प मात्रेचा गुन्हा काढा, भेसळ सोडून शुद्ध वजन धरा, या मागण्या महसूल विभागाला, आणि प्रत सामाजिक न्याय मंत्रालयाला. राज्य सरकारला गांजाचं दुकान मागू नका. तो अधिकार राज्याकडे नाही. राज्याला मागा ते त्याच्या हातातलं: ६४अ ची माहिती अटकेच्या वेळीच लेखी द्यावी असं परिपत्रक, उपचाराच्या खाटा, ओएसटी केंद्रं. वारं उलटं वाहतंय याचं भान मात्र ठेवा. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात राज्याने अंमली पदार्थांची तस्करी मकोकाखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली आणली. म्हणून निवेदनात ‘तस्कर’ आणि ‘वापरणारा’ हे दोन शब्द कधीही एका वाक्यात आणू नका.

जिल्ह्यात लोकसभेचे चार मतदारसंघ: पुणे, बारामती, शिरूर, मावळ. कुरकुंभ बारामतीत येतं, तेव्हा एमडीचा प्रश्न तिथल्या खासदारांच्या कार्यालयातून घ्या. निवेदन दोन पानांचं, सोबत आरटीआयच्या उत्तरांच्या प्रती, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. खासदार भाषण करतील ही आशा ठेवू नका. लेखी प्रश्न विचारतील एवढं पाहा. प्रश्न १५० शब्दांत बसवून तुम्हीच लिहून द्या, कारण कार्यालयातला सहायक तुमचं निवेदन वाचून प्रश्न बनवत बसणार नाही. पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात जा. प्रश्न असा: गेल्या तीन वर्षांत कलम २७ खाली राज्यनिहाय किती गुन्हे नोंदले, त्यांपैकी कलम ६४अ आणि कलम ३९ खाली किती जण उपचाराला पाठवले, आणि अल्प मात्रा गुन्ह्यातून वगळण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे काय, असल्यास तपशील, नसल्यास कारणे.